तिरडीवरची हौस

आमच्या ह्यांनी परदेशात जाऊन काय केलं असं कोणी विचारलं, तर मी सरळ सांगते, मेले. विमानानं गेले, हॉटेलात उतरले, भरपेट नाश्ता केला आणि एका गोऱ्याच्या सिनेमात तिरडीवर जाऊन झोपले. तो सिनेमा अजून आलेला नाही. नाही आला तर बरंच होईल.

आम्ही दोघंही निवृत्त. हे रेल्वेच्या ऑफिसात होते, मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. घर झाशीत, ओरछा गेटाच्या आतल्या गल्लीत. बाहेर हिंदी, दारावर भाजीवाल्याशी बुंदेली, आणि आत आलं की मराठी. ती ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. आमच्यासारखी मराठी घरं इथे आता मोजकीच उरली आहेत, पण गणपतीत नाटक बसवल्याशिवाय आमचं पान हलत नाही. त्या नाटकात ह्यांना वर्षानुवर्षं एकच काम, भालदार. भाला धरायचा आणि राजा आला की ललकारी द्यायची. एवढ्यावर हा माणूस स्वतःला नट समजतो.

मुलगा बंगळुरूला असतो. त्यानं आम्हाला श्रीलंकेची तिकिटं काढून दिली. कारण काय, तर बाबा हल्ली गप्प गप्प असतात. गप्प असायचं कारण काय होतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं, कारण ते त्याच्याच लग्नातलं.

ह्यांना एक थोरली बहीण आहे. माझ्या वन्सं, ह्यांची ताई. गुरसरायला दिलेल्या. यजमान गेल्यापासून तिथेच एकट्या राहतात. ह्यांची आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना वन्संनीच भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत नेऊन बसवलं. आमच्या मुलाच्या लग्नात नवरदेवाचं औक्षण आत्याच करणार हे कोणी कोणाला सांगायचीसुद्धा गरज नव्हती. पण मुलानं इव्हेंटवाले बोलावले होते. त्यांनी लॉनच्या फाटकाशी स्वतःचीच एक नटवलेली पोरगी तबक देऊन उभी केली. का, तर तिचा घागरा मंडपाच्या पडद्यांना शोभत होता! वन्सं आपलं तबक घेऊन पुढे झाल्या, तर हे शहाणे पाहुण्यांसमोर म्हणाले, "ताई, तू बस ना जरा. त्यांचं शूटिंग बिघडतंय."

वन्संनी तबक तिथेच खुर्चीवर ठेवलं आणि न जेवता गुरसरायची बस धरली. तेव्हापासून अबोला. वन्संचा फोन नाही, ह्यांचा नाही. भाऊबीजेला हे सकाळी इस्त्रीचा सदरा घालून बसायचे आणि दिवसभर फोनकडे बघायचे. म्हणायचे, बोलावणं आलं की निघू. मी म्हणायची, भावाला बहिणीकडे जायला बोलावणं कसलं लागतं? तर म्हणायचे, तुला काही कळत नाही. आणि संध्याकाळी सदरा घडी करून कपाटात. दोघंही एकाच मातीची, हट्टी नंबर एक.

तर अशा अवस्थेत, फाल्गुनात, आम्ही कँडीला पोचलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी हॉटेलच्या जेवणघरात एक स्थानिक माणूस टेबलाटेबलावर वाकून बघत हिंडत होता. आमच्यापाशी येऊन त्यानं इंग्रजीत विचारलं, तुम्ही इंडियाचे ना? एका युरोपातल्या कंपनीचा सिनेमा चालू आहे, गोष्ट मध्य हिंदुस्थानातल्या गावाची आहे, आणि त्यांना हिंदी बोलणारे, वयस्क, खरेखुरे चेहरे हवे आहेत. एक दिवसाचं काम, जेवण त्यांचं.

म्हणजे बघा, मध्य हिंदुस्थानातलं गाव दाखवायला हे लोक समुद्र ओलांडून भलत्याच देशात गेले होते. अरे बाबांनो, आमच्या झाशीजवळच्या मोठला उतरला असतात तर आख्खं गाव फुकट उभं राहिलं असतं, वर ट्रॅक्टर आणि धूळ आमच्याकडून!

मी नाही म्हणणार एवढ्यात हे म्हणाले, "किती वाजता यायचं?"

मी टेबलाखालून चिमटा काढला. हे माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "अगं, सिनेमा येईल, सगळीकडे दिसेल. गुरसरायला कोणीतरी दाखवेलच की तिला. मग बघ, करते की नाही फोन." मी कपाळावर हात मारला. पंचाहत्तर किलोमीटरवर बसलेल्या बहिणीनं फोन करावा म्हणून हा माणूस परदेशी सिनेमात काम करणार होता. साधं आपण जावं, चुकलं म्हणावं, ते नाही.

नदीकाठी त्यांनी घाट बांधला होता. प्लायवूडचा. त्यावर रंगानं दगड काढलेले. एका बाजूला देऊळ, त्याला दक्षिणेकडच्यासारखं गोपूर. मध्य हिंदुस्थानात गोपूर! झेंडूच्या माळा प्लास्टिकच्या. डायरेक्टर छत्रीखाली बसला होता, मनगटाला लाल धागा, गळ्यात रुद्राक्ष. मला बघून त्यानं हात जोडून इतकं लांबलचक नमस्ते म्हटलं की मला वाटलं आता पाया पडतोय. हिंदुस्थान त्याच्या रक्तात आहे म्हणे. रक्त तपासून घ्यायला हवं होतं.

ह्यांनी जाताना वाटेतच ठरवून टाकलं होतं की आपल्याला जमीनदाराचं काम मिळणार. तिथल्या बाईनं ह्यांना वरून खालून न्याहाळलं, फोनवर कोणाशी बोलली आणि आनंदानं सांगितलं, तुम्ही मुख्य आहात. हे फुगले. मग कळलं, गावचा बडा व्यापारी मरतो, त्याची अंत्ययात्रा आहे, आणि ह्यांनी तो व्यापारी व्हायचं. जिवंत नव्हे, मेल्यानंतरचा.

"चला, मी चालले," मी म्हटलं.

"अगं, पूर्ण वेळ कॅमेरा माझ्यावर असणार!" हे म्हणाले. भालदाराला एकदम बढती मिळाली होती, ती ते सोडतात कसले.

मला रडणाऱ्या बायकांत घातलं. आणि रडणाऱ्या बायकांतही साधीसुधी नव्हे, विधवा. बायको ना मी, म्हणून. कपड्यांची जबाबदारी असलेल्या पोरीनं माझ्या हातात कडक पांढरी साडी दिली, गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बोट केलं आणि काढा अशी खूण केली. डोक्यात अशी तिडीक गेली! मी म्हटलं, बाई गं, आमच्यात नवरा गेला त्या क्षणी बायको कपाट उघडून पांढरी साडी शोधत बसत नाही. आणि हे मंगळसूत्र तू तर सोड, तुझ्या डायरेक्टरचा बाप आला तरी निघणार नाही. हे मी मराठीतच बोलले, पण तिला व्यवस्थित समजलं. शेवटी मंगळसूत्र पोलक्याच्या आत गेलं आणि कुंकवावर तिनं पावडर थापली. पावडरीखाली कुंकू आहे हे मला माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

तिकडे ह्यांना मिशा चिकटवल्या, फेटा बांधला, नाकात कापूस घातला. तिरडीवर झोपल्या झोपल्या हे उठून बसले आणि हिंदीत सांगू लागले, "अरे भैया, फेटा बाँध के कोई जलाता है क्या? और ये बाँस उल्टे बाँधे हैं." कोणालाच हिंदी येत नव्हती. हिंदी बोलणारे चेहरे म्हणून आम्हाला बोलावलं होतं, पण ऐकणारं कोणी ठेवलं नव्हतं. एका मदतनिसानं ह्यांच्या छातीवर प्रेमानं हात ठेवून त्यांना परत आडवं केलं.

मग कामाला सुरुवात झाली. चार तगड्या मुलांनी तिरडी उचलली. 'राम नाम सत्य है' अशा चालीत म्हणत होते की गरब्याला पाय उचलावेत. मला सांगितलं होतं, तिरडी समोर आली की छाती पिटा. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले आणि मनात म्हणत होते, काय हा मेला तमाशा.

आणि तिरडी समोर आली. ह्यांचा चेहरा उन्हात होता. ओठ मिटलेले, नाकात कापूस, मान प्रत्येक पावलाला जराशी हलत होती. खोटं आहे, प्लायवूड आहे, प्लास्टिक आहे, सगळं मला माहीत होतं, तरी मी ओरडले, "अहो, उठा! उठा आधी! पुरे झालं, उठा म्हणते ना!" आणि तिरडीला धरून ओढायलाच लागले.

हे डोळे मिटूनच ओठातल्या ओठात म्हणाले, "अगं हो, चालू आहे ना!"

मला वाटलं आता हाकलतात. कसचं काय! डायरेक्टर छत्री सोडून धावत आला, डोळ्यांत पाणी, हात जोडून म्हणाला, अप्रतिम, असंच पुन्हा. त्याला वाटलं हे आमचं परंपरागत रुदनगीत आहे. मग माझ्याकडून तेच उठा उठा दुपारपर्यंत करून घेतलं. पहिल्यांदाचं खरं होतं. पुढचं सगळं मी ह्यांच्यावरच्या रागानं केलं, आणि तेही त्याला अप्रतिमच वाटलं.

संध्याकाळी आम्हाला जेवणाचे डबे आणि एकेक टोपी देऊन निरोप दिला. तोवर ह्यांनी एक पराक्रम करून ठेवला होता. मधल्या सुट्टीत कोणाकडून तरी स्वतःचा फोटो काढून घेतला होता, तिरडीवरचा, हार वगैरे घातलेला, शेजारी पांढऱ्या साडीत मी. हॉटेलात पोचल्या पोचल्या तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली एक अक्षर नाही. म्हणे, गंमत करतो, बघू कोण ओळखतं. मी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा ह्यांच्या फोनवर हात जोडलेल्यांची रांग लागली होती. मी तो फोटो लगेच काढायला लावला. पण ग्वाल्हेरच्या कोणीतरी तो तोवर पुढे ढकललाही होता. रात्रभर फोन. इंदूर, नागपूर, ग्वाल्हेर. आणि हे गादीवर लोळत प्रत्येकाला सांगतात, "हां जी, स्वर्गातूनच बोलतोय, इथे नेटवर्क छान आहे."

ज्यांनी ज्यांनी फोन केले, त्यांना खरं कळलं. आठवडाभर हसणं झालं आणि विषय संपला. आम्ही झाशीला परत आलो. त्या वर्षी गणपतीच्या नाटकात ह्यांनी भालदाराचं काम घ्यायला नकार दिला, इंटरनॅशनल झाले ना!

मग दिवाळी आली. भाऊबीजेला हे नेहमीप्रमाणे सदरा घालून बसले. नेहमीप्रमाणे फोन आला नाही. अंधार पडला तसे उठून सदरा काढायला लागले, तेवढ्यात फोन वाजला. गुरसरायचे, वन्संच्या शेजारचे, ह्यांचे जुने मित्र. वर्षा-दोन वर्षांतून एकदा दिवाळीची राम राम करतात. हिंदी माणूस, मोकळा. वन्संना ते जिज्जी म्हणतात. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "भैया, अभी जिज्जी को देखा. छत पे खड़ी थीं, थाली में दीया लेके चंदा की आरती उतार रही थीं. बड़ा अच्छा लगा."

त्या बिचाऱ्याला छान वाटलं, कारण त्याला काय ठाऊक? आमच्यात ज्या बाईला भाऊ नाही, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. चंद्रालाच भाऊ मानते. ज्या बाईचा भाऊ झाशीत सदरा घालून बसलाय, तिनं चंद्राला ओवाळायचं म्हणजे काय?

ह्यांनी फोन ठेवला. चेहरा पांढराफटक. मग लाल झाला. "मला मेलेला धरलं तिनं! जिवंतपणी! एका तबकासाठी!" घरभर फेऱ्या मारल्या, जेवले नाहीत, मलाही जेवू दिलं नाही. म्हणाले, उद्या सकाळी जातो आणि तोंडावर विचारतो, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. मी म्हटलं, जा. इतकी वर्षं प्रेमानं गेला नाहीत, निदान रागानं तरी जा.

सकाळी ह्यांनी तोच इस्त्रीचा सदरा घातला. भांडायला जाताना इस्त्री कशाला, मी विचारलं, तर हे किल्ली घेऊन बाहेर. गाडी ह्यांनीच चालवली. मोठच्या मंडीपाशी धानाच्या ट्रॉल्यांनी सडक अडवली होती. तिथे अडकलो तेवढा वेळ हे भांडणाची वाक्यं पाठ करत होते, नाटकाच्या तालमीसारखी. एकेक वाक्य जोरात म्हणायचे आणि कसं वाटतं म्हणून माझ्याकडे बघायचे. फार वाईट वाक्यं होती.

गुरसरायला वन्संच्या दाराची कडी ह्यांनीच वाजवली. वन्संनी दार उघडलं. आम्हाला बघून आधी त्यांनी ह्यांच्या पायांकडे पाहिलं. भुताचे पाय उलटे असतात ना, म्हणून. पाय सरळ होते. मग ह्यांच्या दंडाला हात लावला, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू मला का नाही कळवलंस?"

"काय कळवलं नाही, वन्सं?"

"हा गेला ते."

वन्संच्या घरात टीव्हीवर त्यांचा फोन ठेवला होता. त्यांनी तो आणून आमच्यापुढे धरला. त्यात तो फोटो होता. ग्वाल्हेरकडून, मग कुणाकडून, मग कुणाकडून फिरत आलेला, आणि खाली कोणीतरी हिंदीत लिहिलं होतं, झाँसी वाले भैया विदेश में शांत हो गए. ही बाई फाल्गुनापासून भाऊ मेला म्हणून बसली होती. बातमी आली तशी डोक्यावरून पाणी घेतलं, एकटीनंच सुतक पाळलं.

"अहो ताई, शेजारी कुणाला बोलला नाहीत?" मी म्हटलं. घाबरून वन्संऐवजी ताईच निघालं तोंडून.

"काय बोलू?" वन्सं म्हणाल्या. "भाऊ गेला आणि भावजयीनं दोन ओळी कळवल्या नाहीत, हे गावाला सांगू? वाट बघितली. म्हटलं आज कळवेल, उद्या कळवेल. परमुलखात जाळलंत, राख तरी नर्मदेला नेली का, तेही माहीत नाही मला."

मी भडाभडा सगळं सांगितलं. कँडी, गोरे, प्लायवूडचा घाट, नाकातला कापूस. वन्सं ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या. शेवटी ह्यांना म्हणाल्या, "हौस म्हणून तिरडीवर झोपलास? मूर्खा!"

हे कसंबसं म्हणाले, "तू सिनेमा बघून फोन करशील म्हणून गं, ताई." मग एकदम पाठ केलेलं आठवलं असावं. आवाज चढवून म्हणाले, "पण एक फोन करून खात्री करायचीस ना! खुशाल चंद्राला ओवाळलंस? इतक्या सहज विश्वास बसला तुझा?"

वन्सं खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "बसला. सहज बसला. दरवर्षी बीजेला मी पाट मांडायची, झाशीची बस यायच्या वेळेला. शेवटची बस गेली की उचलायची. या वर्षी पाट काढला नाही. रडले फार, पण मनाला बरं वाटलं रे. म्हटलं, आता हा येत नाही, त्याला काहीतरी कारण आहे."

हे भिंतीला टेकून, इस्त्रीचा सदरा चुरगळत, जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे मोठ्यानं रडायला लागले. वन्सं उठल्या नाहीत, मीही उठले नाही.